न्या. एम. फातिमा बीवी : मुन्सिफ ते सर्वोच्च न्यायालय

न्यायमूर्ती एम. फातिमा बीवी (३० एप्रिल १९२७ – २३ नोव्हेंबर २०२३) या भारताच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री न्यायाधीश. ६ ऑक्टोबर १९८९ रोजी त्यांनी शपथ घेतली. सर्वोच्च न्यायालय सुरू झाले जानेवारी १९५० मध्ये. म्हणजे समतेची हमी देणारे संविधान लागू झाल्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे त्या संविधानाचा अर्थ लावणाऱ्या सर्वोच्च खुर्च्यांवर एकही स्त्री नव्हती. उच्च न्यायव्यवस्थेत पोहोचलेल्या पहिल्या मुस्लिम स्त्री म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात त्यांच्यावर एक ओळ असते. 'पहिली महिला न्यायाधीश कोण?' याचे उत्तर आपल्या मुलामुलींना पाठ असते. पण त्या तिथे कोणत्या वाटेने पोहोचल्या, हे त्या ओळीत नसते. आपल्या कामाचे ते आहे, म्हणून हा लेख त्या वाटेवर जास्त रेंगाळणार आहे.

त्रावणकोरमधले बालपण

फातिमा बीवींचा जन्म पथानामथिट्टा येथे झाला. हे गाव तेव्हा त्रावणकोर संस्थानात होते, आज केरळमध्ये आहे. वडील अन्नवीट्टिल मीरा साहिब सरकारी नोकरीत होते, आईचे नाव खदीजा बीवी. आठ भावंडांत त्या थोरल्या. घरात वकिलीची परंपरा नव्हती.

त्रावणकोर म्हणजे अय्यंकालींची भूमी. दलित मुलांना शाळेत घ्यावे यासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अय्यंकालींनी शेतमजुरांना संपावर नेले होते. शेते पडीक राहिली तरी चालतील, पण मुले शाळेत गेली पाहिजेत, अशी ती लढाई होती. नारायण गुरूंची चळवळही याच भागातली. मंदिरप्रवेशाची राजघोषणा १९३६ ची, तेव्हा फातिमा नऊ वर्षांच्या होत्या. शिक्षणाचा हक्क लढून मिळवलेल्या समाजात त्या वाढल्या, हे लक्षात घेतले पाहिजे. केरळमधल्या साक्षरतेचे श्रेय आपण सहज राजेरजवाड्यांना आणि मिशनऱ्यांना देऊन टाकतो, संपकरी शेतमजुरांना देत नाही.

गावातल्या कॅथोलिकेट हायस्कूलमधून त्या मॅट्रिक झाल्या आणि तिरुवनंतपुरमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली. विषय रसायनशास्त्र. पुढे त्यातच शिकायचा त्यांचा विचार होता, वडिलांनी मात्र कायद्याचा आग्रह धरला. त्याला कारण होत्या अण्णा चांडी. अण्णा चांडी १९३७ मध्ये त्रावणकोरमध्ये मुन्सिफ झाल्या होत्या आणि पुढे १९५९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. भारतातल्या कोणत्याही उच्च न्यायालयातील त्या पहिल्या स्त्री. आपल्या मुलीलाही हे जमेल असे मीरा साहिबांना वाटले. डोळ्यांसमोर एक माणूस असले की बापाची हिंमत वाढते. सामाजिक संस्थांच्या अहवालांत याला 'रोल मॉडेल' म्हणतात, वस्तीत म्हणतात, 'अमक्याची पोर झाली ना, मग आपली का नाही?'

याच प्रदेशातल्या आणखी एका स्त्रीचे नाव इथे घेतले पाहिजे. दाक्षायणी वेलायुधन, जन्म १९१२, शेजारच्या कोचीन संस्थानातल्या. त्यांनीही रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवली आणि पुढे त्या संविधान सभेतील एकमेव दलित स्त्री सदस्य झाल्या. बाबासाहेब मसुदा समितीचे काम पाहत होते, त्याच सभागृहात त्या बसत होत्या. संविधान घडवणाऱ्या सभेत दलित स्त्री पोहोचली. संविधानाचा अर्थ लावणाऱ्या न्यायालयात अजून पोहोचायची आहे. त्याकडे पुढे येऊ.

एकेक पायरी

तिरुवनंतपुरमच्या लॉ कॉलेजात पहिल्या वर्षाला वर्गात पाच मुली होत्या, दुसऱ्या वर्षी दोन-तीनच उरल्या, असे फातिमा बीवींनी उतारवयात एका मुलाखतीत सांगितले होते. त्या उरल्या आणि १९५० मध्ये बार कौन्सिलच्या परीक्षेत पहिल्या आल्या, सुवर्णपदक मिळाले. १४ नोव्हेंबर १९५० रोजी त्यांनी सनद घेतली आणि कोल्लमच्या कनिष्ठ न्यायालयात वकिली सुरू केली. डोक्यावर पदर घेतलेली मुस्लिम तरुणी कोर्टात उभी राहते, हे दृश्य तेव्हा लोकांच्या सवयीचे नव्हते.

वकिलीची साडेसात वर्षे झाल्यावर मे १९५८ मध्ये त्या केरळच्या दुय्यम न्यायसेवेत मुन्सिफ म्हणून रुजू झाल्या. मुन्सिफ म्हणजे दिवाणी न्यायालयाची सर्वांत खालची पायरी. आपल्याकडे आज ज्याला 'दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर' म्हणतात ते पद. शेतीच्या बांधाचे, घरभाड्याचे, वाटणीचे दावे इथे चालतात. १९६८ मध्ये त्या सबऑर्डिनेट जज्ज झाल्या, १९७२ मध्ये मुख्य न्यायदंडाधिकारी, १९७४ मध्ये जिल्हा व सत्र न्यायाधीश. जानेवारी १९८० मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणावर न्यायिक सदस्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. ४ ऑगस्ट १९८३ रोजी त्या केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या, पुढच्या वर्षी कायम झाल्या आणि २९ एप्रिल १९८९ रोजी निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर पाच महिने उलटले आणि दिल्लीहून बोलावणे आले. उच्च न्यायालयात निवृत्तीचे वय ६२ आहे, सर्वोच्च न्यायालयात ६५, म्हणून हे शक्य झाले. तोपर्यंत मुन्सिफपदापासून त्यांची ३१ वर्षे न्यायसेवेत गेली होती. या सगळ्या प्रवासात कुणा मोठ्या वकिलाची मुलगी, कुणा न्यायमूर्तींची नातेवाईक अशी त्यांची ओळख कुठेच येत नाही. पहिली पायरी परीक्षेची आणि न्यायसेवेतल्या भरतीची होती, पुढच्या पायऱ्या त्या सेवेत काम करत मिळाल्या.

६ ऑक्टोबर १९८९

त्या दिवशी शपथ घेणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. सोबत होते न्या. पी. बी. सावंत, आपल्या वाचकांना एल्गार परिषदेपर्यंत माहीत असलेले. आणि न्या. के. रामस्वामी, सर्वोच्च न्यायालयात पोहोचलेल्या मोजक्या दलित न्यायाधीशांपैकी एक. त्यांच्याआधी न्या. ए. वरदराजन (१९८०) आणि न्या. बी. सी. राय (१९८५) एवढेच. म्हणजे एकाच दिवशी पहिली स्त्री, तीही अल्पसंख्याक समाजातली, आणि एक दलित न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हा नेमणुकांची सूत्रे सरकारकडे होती आणि निवडणूक तोंडावर होती, त्यामागे राजकीय हिशेब नव्हता असे कुणी म्हणणार नाही. पण हिशेब करताना या समाजांची आठवण ठेवावी लागली, हेही खरे.

पुढे बरोबर चार वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९९३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने नेमणुकांत न्यायाधीशांचा शब्द अंतिम ठरवणारा निकाल दिला. कॉलेजियम पद्धत त्यातून आली. संविधान सभेत २४ मे १९४९ रोजी बाबासाहेबांनी या प्रश्नावर सावध केले होते. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी शेवटी माणूसच. सामान्य माणसाच्या उणिवा, भावना, पूर्वग्रह त्यांच्यातही असणार, म्हणून नेमणुकीत त्यांना नकाराधिकार देऊन टाकणे धोक्याचे, असा त्यांचा मुद्दा होता. सरकारच्या हातात सगळे सोपवण्याच्याही ते विरोधात होते. आज कॉलेजियमच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे दोघेही बाबासाहेबांचे अर्धेच म्हणणे सांगतात.

न्यायदान

सर्वोच्च न्यायालयात फातिमा बीवींना अडीच वर्षेच मिळाली. २९ एप्रिल १९९२ रोजी त्या निवृत्त झाल्या. मंडल खटल्याचा निकाल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लागला, त्या वेळी त्या नव्हत्या.

त्या खंडपीठावर असताना लागलेला एक निकाल आपण वाचायला हवा. १९९१ चा, 'शेड्युल्ड कास्ट अँड वीकर सेक्शन वेल्फेअर असोसिएशन विरुद्ध कर्नाटक राज्य'. झोपडपट्टीत राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या आणि दुर्बल घटकांतल्या लोकांच्या संस्थेने हा खटला लढवला. कर्नाटकच्या झोपडपट्टी सुधारणा कायद्याखाली सरकारने एक भाग जाहीर केला होता. अशा अधिसूचनेमुळे तिथल्या रहिवाशांना पुनर्वसनाची आशा तयार होते. नंतर सरकारने तो निर्णय फिरवला आणि रहिवाशांना विचारलेही नाही. न्यायालयाने ठरवले की ज्यांच्या डोक्यावरच्या छपराचा प्रश्न आहे, त्यांना म्हणणे मांडू दिल्याशिवाय अधिसूचना अशी मागे घेता येणार नाही. आज झोपडपट्टी पुनर्वसनाच्या कोणत्याही वादात 'आम्हाला सुनावणी द्या' असे म्हणताना आपण ज्या तत्त्वाचा आधार घेतो, ते असल्या निकालांतून बळकट झाले आहे. वस्तीत काम करणाऱ्यांनी हा खटला नावानिशी लक्षात ठेवावा. अर्जात त्याचा उल्लेख केला की समोरचा अधिकारी जरा सावरून बसतो, हा अनुभव आहे.

निवृत्तीनंतर, आणि टीका

१९९३ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोग स्थापन झाला, त्यावर त्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी होत्या. २५ जानेवारी १९९७ रोजी त्या तमिळनाडूच्या राज्यपाल झाल्या. हा काळ वादाचा आहे आणि तो टाळून त्यांचे चरित्र लिहू नये.

ऑक्टोबर १९९९ मध्ये राजीव गांधी हत्या खटल्यातील फाशीची शिक्षा झालेल्या चौघांचे दयेचे अर्ज त्यांनी फेटाळले. मंत्रिमंडळाचा सल्ला न घेता हे केल्याचे सांगून मद्रास उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे असते, हा संविधानाचा साधा नियम. आयुष्यभर न्यायासनावर बसलेल्या व्यक्तीकडून तो सुटावा, हे खटकते.

दुसरा वाद मोठा. मे २००१ च्या निवडणुकीत जयललितांच्या पक्षाला बहुमत मिळाले. पण भ्रष्टाचाराच्या खटल्यात त्यांना शिक्षा झालेली होती आणि उमेदवारी अर्जही फेटाळले गेले होते. तरी १४ मे २००१ रोजी राज्यपालांनी त्यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. बहुमताने निवडलेला नेता, एवढा आधार त्यांनी पुरेसा मानला. ३० जूनला पहाटेच्या अंधारात माजी मुख्यमंत्री करुणानिधी यांना अटक झाली, सोबत दोन केंद्रीय मंत्र्यांनाही. राज्यपालांनी आपले काम केले नाही असे ठरवून केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांना परत बोलावण्याची शिफारस केली आणि फातिमा बीवींनी राजीनामा दिला. २१ सप्टेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने जयललितांची नेमणूक रद्द ठरवली. आमदार होण्यास अपात्र असलेल्या व्यक्तीला, पाठीशी कितीही बहुमत असो, मुख्यमंत्री करता येत नाही, असा तो निकाल. बहुमताच्या वर संविधान आहे, हे आपण रोज सांगतो. त्या कसोटीवर पहिल्या स्त्री न्यायाधीशांचा हा निर्णय टिकला नाही. पुढे वरच्या न्यायालयात जयललिता सुटल्या, पण त्याने शपथेच्या दिवशीची चूक पुसली जात नाही.

त्यानंतर त्या केरळला परतल्या. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी कोल्लम येथे वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाला.

त्यांच्यानंतर कोण?

बंद दार आपण उघडले, अशा अर्थाचे त्या मुलाखतीत बोलल्या होत्या. उच्च न्यायव्यवस्थेत स्त्रियांसाठी आरक्षणाचा विचार व्हावा, असेही त्यांचे मत होते. दार उघडले खरे, पण आत किती जणी गेल्या? १९९४ मध्ये मुंबईच्या न्या. सुजाता मनोहर, २००० मध्ये न्या. रुमा पाल, मग २०१० मध्ये न्या. ग्यान सुधा मिश्रा. पुढे रंजना देसाई, आर. भानुमती, इंदू मल्होत्रा, इंदिरा बॅनर्जी. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी एकाच दिवशी हिमा कोहली, बी. व्ही. नागरत्ना आणि बेला त्रिवेदी. २०२५ च्या अखेरपर्यंत एकूण ११. त्यांत अनुसूचित जातीची एकही नाही, अनुसूचित जमातीची एकही नाही, बौद्ध एकही नाही. मुस्लिम स्त्री फातिमा बीवींनंतर दुसरी नाही.

या यादीकडे समाजशास्त्राच्या नजरेने पाहिले की आणखी काही दिसते. सुजाता मनोहर यांचे वडील गुजरातचे मुख्य न्यायमूर्ती होते. इंदू मल्होत्रा यांचे वडील ज्येष्ठ वकील. नागरत्ना यांचे वडील ई. एस. वेंकटरामय्या, फातिमा बीवींनी शपथ घेतली तेव्हा सरन्यायाधीश तेच होते. या सगळ्या कर्तबगार न्यायाधीश आहेत, त्यांच्या योग्यतेबद्दल प्रश्न नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा १९९७ चा विशाखा निकाल देणाऱ्या पीठावर सुजाता मनोहर होत्या. तो खटला उभा राहिला भँवरीदेवी या राजस्थानातल्या कुंभार समाजाच्या स्त्रीवरच्या अत्याचारातून. पण घरात कायद्याची पुस्तके, ओळखी आणि अशिलांची ये-जा असणे हे भांडवल आहे, आणि ते आपल्या मुलींकडे नसते. यादीत भानुमती आणि त्रिवेदी जिल्हा न्यायव्यवस्थेतून वर आल्या. फातिमा बीवींची वाट ती हीच.

आकडेही तेच सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या अहवालानुसार जिल्हा न्यायव्यवस्थेत स्त्रिया सुमारे ३६ टक्के आहेत. जिथे परीक्षा आहे, जाहिरात आहे, आरक्षण आहे, तिथे मुली शिरतात. उच्च न्यायालयांत काय? २०१८ पासून नेमलेल्या ७१५ न्यायाधीशांपैकी अनुसूचित जातीचे २२, जमातीचे १६, इतर मागासवर्गीय ८९ आणि अल्पसंख्याक ३७, असे उत्तर कायदा मंत्र्यांनी २०२५ मध्ये संसदेत दिले. स्त्री आणि दलित असे दोन्ही निकष एकत्र लावले तर काय उरते, हे ते उत्तर सांगत नाही.

पहिल्या पायरीचा प्रश्न

पहिले दलित सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन हेही केरळचेच, आणि १९७३ मध्ये तेही मुन्सिफ झाले होते. पहिले बौद्ध सरन्यायाधीश न्या. भूषण गवई यांनी १४ मे २०२५ रोजी शपथ घेतली, तेव्हा आपल्या विहारांत पेढे वाटले गेले. ते वकिलीतून थेट उच्च न्यायालयात गेले होते, आणि रा. सू. गवई यांचा मुलगा म्हणून वाढले होते. त्यानंतर सहाच दिवसांनी, २० मे रोजी, त्यांच्याच अध्यक्षतेखालील पीठाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली.

अट निराधार नाही. कोर्ट न पाहिलेला पदवीधर खुर्चीवर बसला की पक्षकारांचे हाल होतात, हे उच्च न्यायालयांचे म्हणणे होते. फातिमा बीवींनीही साडेसात वर्षे वकिली केलीच होती. प्रश्न त्या तीन वर्षांच्या खर्चाचा आहे. तालुक्याच्या कोर्टात ज्युनिअर मुलीला हातात पडते ते कधीकधी एसटीच्या भाड्यालाही पुरत नाही. घरी लग्नाची घाई असते. आडनाव ऐकल्यावर 'जागा नाही' म्हणणारे सीनिअर असतात. पहिल्या पिढीतल्या वकील मुलीसाठी ही तीन वर्षे म्हणजे गाळणी आहे. अनुसूचित जातीच्या ज्युनिअर वकिलांना या काळात पुरेसा मासिक भत्ता मिळाला पाहिजे, ही मागणी संघटनांनी हाती घ्यायला हवी.

तोवर करता येण्यासारखे काही आहे. त्याच निकालानुसार अनुभव मोजला जातो तो तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून, अखिल भारतीय बार परीक्षा पास झाल्यापासून नाही. त्यामुळे शेवटच्या वर्षाचा निकाल लागताच सनदेचा अर्ज करा, पैशाअभावी तो पुढे ढकलला जात असेल तर विहार समितीने तेवढे शुल्क भरावे. न्यायाधीशांकडे विधी सहायक म्हणून केलेले कामही अनुभवात धरले जाते. दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचे प्रमाणपत्र लागते आणि त्यावर न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही लागते, म्हणून आपल्या जिल्ह्यात दहा वर्षे पूर्ण केलेले आंबेडकरी वकील कोण आहेत याची यादी प्रत्येक शाखेने आजच करून ठेवावी.